एकेचाळीस वर्षांची हजेरी

घोडबंदर रोडवर राहायला आल्यापासून माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्यांचे दोन प्रकार झाले आहेत. एक, ज्यांना गृहकर्जाचा हप्ता कमी करून हवा असतो. आणि दुसरे, ज्यांच्या मुलांना काहीतरी भलतंच शिकायचं असतं. पहिल्यांना मी बँकेतून निवृत्त झालो आहे हे आठवतं, दुसऱ्यांना मी कादंबऱ्या लिहितो हे आठवतं. परवा आमच्याच इमारतीतले जे गृहस्थ आले, ते मात्र दोन्ही कारणांसाठी आले होते. त्यांची मुलगी बारावी झालेली. तिला चित्रकला शिकायची आहे. सीईटी दिली, पण जे. जे.ला नंबर लागला नाही. आता ती ठाण्यातल्याच एका लहानशा कला महाविद्यालयात जायचं म्हणते. गृहस्थांची अपेक्षा अशी, की पैशाचा हिशेब कळणाऱ्या आणि कलेतलंही थोडंफार कळणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं तिला समजावून सांगावं. काय समजावून सांगावं हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते न बोलताही समजण्यासारखं होतं.

मी समजावण्याआधी ते कॉलेज बघून यायचं ठरवलं. मुलगीच मला घेऊन गेली. वाघबीळहून बस पकडून आम्ही स्टेशनकडे गेलो. मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत बस जात होती आणि ही मुलगी उभ्यानं, एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातानं समोर पेंगणाऱ्या बाईचं चित्र वहीत काढत होती. कॉलेज म्हणजे एका जुन्या इमारतीतला दुसरा मजला. चार खोल्या, रंगाचे डाग पडलेल्या फरश्या, टर्पेंटाइनचा वास. जिन्याच्या वळणावर एका ग्रीक मुखवट्याची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलेली. तिचं नाक कधीकाळी फुटून पुन्हा चिकटवलेलं. तिच्यासमोर सात-आठ मुलं पाट्या मांडीवर घेऊन बसली होती. कुणाला अॅनिमेशनमध्ये जायचं होतं, कुणाला ए.टी.डी. करून शाळेत चित्रकलाशिक्षक व्हायचं होतं, एकाला सिनेमाचे सेट करायचे होते, आणि एक मुलगा नुसताच हसला, सांगेना. त्या फुटक्या नाकाच्या मुखवट्याकडे पाहताना मला कोल्हापूरच्या एका मुलाची आठवण झाली. तोही असाच एका प्लास्टरच्या मुखवट्यासमोर पाटी घेऊन बसला होता. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं होऊन गेली. त्या मुलाचं नाव महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधरांची चित्रं बहुतेक मराठी माणसांनी पाहिलेली असतात, पण ती धुरंधरांची आहेत हे माहीत नसतं. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक, नऊवारीतल्या बायका, देवळाच्या पायऱ्या, मुंबईच्या रस्त्यावरचे फेरीवाले आणि विक्टोरियावाले, हे सगळं कॅलेंडरांतून, पुस्तकांतून, पोस्टकार्डांवरून घराघरांत पोचलं आणि घरातलंच होऊन गेलं. चित्रकाराचं नाव मात्र मागे राहिलं.

१८ मार्च १८६७ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणं पाठारे प्रभूंचं. ही मंडळी मूळ मुंबईची म्हणून ओळखली जाणारी, पण महादेवाचं बालपण आणि शालेय शिक्षण कोल्हापूरला झालं. कोल्हापूर तेव्हा संस्थानाचं गाव होतं, आणि तिथे चित्रकलेला अगदीच परकेपणानं वागवलं जात नव्हतं. आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे थोर चित्रकार धुरंधरांच्या काही वर्षं आधी मुंबईच्या त्याच शाळेत शिकायला गेले होते. म्हणजे कोल्हापूरच्या पोराला चित्र शिकण्यासाठी मुंबईला जाता येतं, एवढं तरी गावाला माहीत झालेलं होतं. कुठल्याही इच्छेला आधी असा एखादा वाटाड्या लागतो. माझ्या शेजारच्या मुलीला तो कुणाच्या तरी इन्स्टाग्रामवर सापडला असेल.

१८९० च्या जानेवारीत धुरंधर सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. वय तेवीसच्या आत-बाहेर. कोल्हापुरात तेव्हा आगगाडीसुद्धा पोचलेली नव्हती. मिरजेहून कोल्हापूरला रूळ आले ते पुढच्या वर्षी. इकडे मुंबईत मात्र बोरीबंदरचं विक्टोरिया टर्मिनस नुकतंच, १८८८ साली, बांधून पुरं झालं होतं, आणि त्याच्या भिंतींवरची दगडी पानं-फुलं, पशुपक्षी घडवण्यात याच कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात होता. शाळेतून निघून चार पावलं चाललं की क्रॉफर्ड मार्केट. त्याच्या दारावरची उठावशिल्पं शाळेतले एक जुने शिक्षक लॉकवुड किपलिंग यांच्या हातची. ज्या रुडयार्ड किपलिंगला आपण ओळखतो तो त्यांचा मुलगा, शाळेच्या आवारातच १८६५ साली जन्मलेला.

आज जे. जे. म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक मोठं, दबदब्याचं नाव उभं राहतं, आणि तिथे नंबर न लागणं म्हणजे दार बंद होणं असं अठरा वर्षांच्या पोरांना वाटतं. म्हणून तेव्हाची गोष्ट नीट सांगायला हवी. ही शाळा १८५७ साली सुरू झाली ती जमशेटजींनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून, आणि तिचा मूळ हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हताच. इथले सुतार, लोहार, सोनार, कुंभार यांचा हात सुधारावा, त्यांच्या नक्षीकामाला विलायतेत गिऱ्हाईक मिळावं, हा हेतू. हिंदी माणसाला नक्षी जमते, पण माणसाचा देह आणि त्यातला भाव रंगवणं हे काही त्याचं काम नव्हे, असं मानणारे साहेब तेव्हा थोडेथोडके नव्हते. तेव्हा मॅट्रिकच्या आसपास पोचलेल्या पांढरपेशा घरातल्या मुलानं कारकुनी सोडून इथे यायचं म्हणजे स्वतःहून खालच्या पायरीवर उतरणं होतं. घरच्यांना तेव्हा काय वाटलं असेल हे समजायला चरित्राची पानं उलटण्याची गरज नाही. आमच्या इमारतीतल्या गृहस्थांचा चेहरा पाहिला तरी पुरे.

शाळेचे प्राचार्य तेव्हा जॉन ग्रिफिथ्स होते. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं उतरवून घेण्यासाठी या माणसानं १८७२ पासून तेरा वर्षं, हंगामामागून हंगाम, शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे मुक्काम केला होता. त्या प्रतिकृती लंडनला पाठवल्या गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी १८८५ साली तिथल्या आगीत जळाल्या. तेरा वर्षांची मेहनत अशी गेल्यावर दुसरा कुणी खचला असता. ग्रिफिथ्सनी उरलेल्या सामग्रीवरून अजिंठ्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ तयार केला. तो १८९६-९७ साली प्रसिद्ध झाला. धुरंधर शाळेत आले तेव्हा त्या ग्रंथाची वाट अजून संपायची होती. अशा माणसाच्या हाताखाली शिकणं म्हणजे काय, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मुलांना तो चित्र काढायला शिकवत असेलच. पण झालेलं काम नाहीसं झाल्यावर पुन्हा कसं बसायचं, हेही ती मुलं त्याच्याकडे बघून शिकत असणार.

शिक्षण मात्र कंटाळवाणं होतं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीवर सगळं बेतलेलं. आधी छापील चित्रांवरून रेषा उतरवायच्या. मग भूमितीचे घन आणि शंकू, त्यांच्या छाया. मग प्लास्टरचे ग्रीक मुखवटे आणि पुतळे. एकेका पुतळ्यावर दिवसच्या दिवस. कोळशानं किंवा पेन्सिलीनं छायेचा एकेक पापुद्रा चढवत जायचा. हे सगळं पार पडल्यावर मग कुठे जिवंत माणूस समोर बसवायचा. कोल्हापुरात महालक्ष्मीच्या देवळातल्या मूर्ती बघत वाढलेल्या मुलाला परक्या देशातल्या देवाचं नाक रंगवत बसायला काय वाटलं असेल? या पद्धतीवर पुढे कलकत्त्याच्या मंडळींनी झोड उठवली. हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं असं, की मुंबईवाले विलायतेची नक्कल करतात, त्यांच्या चित्रात हिंदुस्थानचा आत्मा नाही. त्या टीकेत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पण धुरंधरांनी त्या शिक्षणाचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ग्रीक पुतळ्यावर घासून घेतलेली नजर त्यांनी घरातल्या बाईकडे वळवली. ऊन पडलेल्या अंगणाकडे, पदर खोचून कामाला लागलेल्या बायकांकडे, पूजेच्या ताटाकडे. बाँबे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली होती आणि तिची वार्षिक प्रदर्शनं म्हणजे मुंबईच्या चित्रकारांची परीक्षाच असे. १८९५ च्या प्रदर्शनात धुरंधरांना सुवर्णपदक मिळालं. चित्राच्या इंग्रजी नावाचा अर्थ असा, की लक्ष्मी, आलीस का? नाव सायबाच्या भाषेत, पण हाक आपल्या उंबरठ्यावरची. शाळेत पाऊल टाकल्याला पाच वर्षं झाली होती. त्याच सुमारास शाळेत गणपतराव म्हात्रे नावाचा आणखी एक विद्यार्थी होता. देवळाकडे निघालेल्या मराठी तरुणीचा त्याचा पुतळा, 'मंदिरपथगामिनी', याच काळातला, विद्यार्थिदशेतला. दोन मुलं एका शाळेत, एकाच छपराखाली, एक रंगात आणि एक प्लास्टरमध्ये, ग्रीक देवता गिरवता गिरवता नऊवारीतली बाई शोधत होती. असं कधी ठरवून होत नाही. एकाच्या कामाकडे दुसरा बघतो, आणि दोघांनाही घरी परतताना झोप लागत नाही. चार खोल्यांच्या कॉलेजातून मिळण्यासारखी एक गोष्ट ही असते, आणि ती माहितीपत्रकात छापता येत नाही.

सुवर्णपदकानंतर काय? हा प्रश्न तेव्हाही होता. पदकावर दोन वेळचं जेवण होत नाही. पुढच्याच वर्षी, १८९६ साली, धुरंधर त्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले.

इथे मला माझं थोडं सांगावं लागेल. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या. दुसऱ्या परीक्षेत श्रेणी बरी आली. आमचे चित्रकलेचे सर वडिलांना भेटायला घरी आले आणि मुलाला जे. जे.ला घाला म्हणाले. वडिलांनी त्यांना चहा दिला, त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मला कॉमर्सला घातलं. १९८० साली मी बँकेत लागलो आणि २०१९ साली निवृत्त झालो. पुष्कळ वर्षं मी हे असं सांगत आलो, की वडिलांनी माझा चित्रकार मारला. चारचौघांत ते ऐकायला बरं वाटतं. खरी गोष्ट वेगळी आहे. वडिलांनी मला कॉमर्सला घातलं. कागद आणि पेन्सिल कुणी हिसकावून घेतली नव्हती. रविवार माझेच होते. एकोणचाळीस वर्षांत दोन हजार रविवार येतात. त्यांतले चार-दोनसुद्धा मी चित्राला दिले नाहीत.

त्याच नोकरीतली आणखी एक आठवण आहे, ती मी आजवर लिहिली नव्हती. नव्वदच्या दशकात ठाण्याच्या बाजूला एका शाखेत मी कर्जं बघत असे. एक तरुण आला. ए.टी.डी. झालेला, शाळेत जागा निघत नव्हती, म्हणून चाळीतल्या एका खोलीत मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग काढायचा होता. रक्कम किरकोळ होती. मी त्याला तारण विचारलं. त्यानं पिशवीतून चित्रं काढून टेबलावर ठेवली. मी ती पाहिली, चांगली होती, आणि अर्ज नामंजूर केला. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. घोडबंदर रोडला राहायला आल्यावर एकदा कासारवडवलीकडे फिरायला गेलो असताना एका दुकानाची पाटी रंगवणारा माणूस मला तोच वाटला. विचारायचा धीर झाला नाही.

धुरंधरांना तारण मिळालं ते शाळेच्या नोकरीचं, आणि त्यांनी ते सोडलं नाही. ज्या वर्षी ते शिक्षक झाले त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. मांडवीतून सुरू झालेली साथ सगळ्या शहरावर पसरली, माणसं घरंदारं सोडून पळाली. त्या साथीत धुरंधरांची पहिली पत्नी गेली. ज्या घरातल्या बाईची चित्रं काढून त्यांनी नाव मिळवलं, ते घरच रिकामं झालं. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. पत्नीचं नाव गंगूबाई. या गंगूबाईंची त्यांनी आयुष्यभर इतकी चित्रं आणि रेखाटनं केली, की त्यांचा एक वेगळा संग्रहच झाला. एखादा माणूस आपल्या माणसाला पुन्हा पुन्हा कागदावर का उतरवून ठेवतो, याचं उत्तर कदाचित त्या पहिल्या रिकाम्या घरात असेल.

नोकरीबरोबर बाहेरची कामं चालू होती, आणि कामाच्या बाबतीत धुरंधरांनी सोवळंओवळं पाळलं नाही. मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची पोस्टकार्डं त्यांनी काढली. एडवर्ड्‌स या अंमलदाराच्या मुंबईवरच्या पुस्तकात (१९१२), किंकेड यांच्या दख्खनी कहाण्यांच्या पुस्तकात (१९१४) आणि ऑटो रोथफील्ड यांच्या हिंदी स्त्रियांवरच्या पुस्तकात (१९२०) त्यांची चित्रं आहेत. जातीजातींच्या, प्रांताप्रांतांच्या बायका, त्यांची लुगडी, त्यांचे दागिने, उभं राहण्याची ढब, सगळं इतकं नेमकं, की आज वेशभूषेचा अभ्यास करणाऱ्याला ती चित्रं दस्तऐवजासारखी वापरता यावीत. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी धुरंधरांकडून शिवचरित्रातले प्रसंग रंगवून घेतले, ते औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात आहेत. नवी दिल्ली उभी राहत होती तेव्हा तिथल्या सचिवालयातल्या कायदेमंत्र्याच्या दालनासाठी त्यांनी मोठी चित्रं केली. दिल्लीच्या दालनातलं चित्र आणि दोन पैशांचं पोस्टकार्ड, दोन्हींत रेषा तीच. पोस्टकार्ड आहे म्हणून हात सैल सोडलेला नाही. याला आम्ही बँकेत म्हणत असू, की काउंटर लहान असला तरी हिशेब पुरा लागला पाहिजे.

शाळेत ते शिक्षकाचे हेडमास्तर झाले, नंतरही त्यांना बढत्या मिळाल्या. वरची खुर्ची मात्र साहेबाचीच राहिली. ग्रिफिथ्स १८९५ साली गेले, पुढे सेसिल बर्न्स आले, त्यांच्यानंतर १९१९ च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन आले. प्रत्येक नवा साहेब आपली नवी कल्पना घेऊन यायचा. एकाला कारागिरी महत्त्वाची वाटे, दुसऱ्याला जिवंत मॉडेल आणि भित्तिचित्रं. ज्यांना शाळेचा कोपरान्‌कोपरा माहीत होता ते धुरंधर प्रत्येकाच्या हाताखाली काम करत राहिले. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. आपल्यापेक्षा उशिरा आलेल्या, आपल्यापेक्षा कमी माहिती असलेल्या वरिष्ठाला सगळं समजावून द्यायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन आपलं काम करायचं. किती हुशार माणसं यात कडवट होऊन संपली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. अखेर १९३० साली सॉलोमनसाहेबांच्या गैरहजेरीत शाळेच्या संचालकाच्या जागी धुरंधरांची हंगामी नेमणूक झाली. त्या खुर्चीत बसलेला हा पहिला हिंदी माणूस. ३१ जानेवारी १९३१ रोजी ते निवृत्त झाले. खुर्ची मिळाली तेव्हा सामान आवरायची वेळ झालेली होती.

याच १९३१ सालाच्या शेवटी कोल्हापुरात आबालाल रहिमान वारले. त्याच शाळेत शिकलेले, गुणांनी कदाचित काकणभर सरसच. पण ते कोल्हापूरला परतले, शाहूमहाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले आणि कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखे रंगात बुडून राहिले. पद नाही, पदवी नाही, निवृत्तिवेतन नाही. एका शाळेतून निघालेल्या या दोन वाटा. आबालालांची वाट कथा-कादंबऱ्यांना आवडते, कारण तिच्यात वेड आहे. मी स्वतः कादंबरीकार असूनही म्हातारपणी मला दुसरी वाट जास्त बुचकळ्यात टाकते. वेडात रोज काम करणं समजू शकतं. घड्याळाच्या काट्यावर, वरिष्ठ सांभाळून, संसार चालवून, एक घर प्लेगात मोडून दुसरं उभं करून, एकेचाळीस वर्षं रोज काम करणं कशानं साधत असेल?

निवृत्तीनंतर धुरंधरांनी आठवणी लिहिल्या. १९४० साली त्या पुस्तकरूपानं आल्या. नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. हे पुस्तक मला बऱ्याच वर्षांपूर्वी फाउंटनजवळच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं, आणि मी ते घेतलं ते त्या आकड्यासाठी. आत्मचरित्राच्या नावात असा आकडा घालायचं सहसा चित्रकाराला सुचत नाही. ते आमच्यासारख्या नोकरदारांना सुचतं. रुजू झाल्याची तारीख, निवृत्तीची तारीख, मधली एकूण सेवा. पण धुरंधरांच्या मोजणीत एक गंमत आहे. त्यांनी सेवा मोजायला सुरुवात नोकरी लागली त्या दिवसापासून केलेली नाही. १८९६ पासून मोजली असती तर पस्तीस वर्षं भरली असती. त्यांनी विद्यार्थी म्हणून शाळेत पाऊल टाकलं तिथपासून मोजली आहे, जानेवारी १८९० पासून. शिकणं आणि शिकवणं, पगार नसलेली वर्षं आणि पगाराची वर्षं, सगळी एकाच खात्यावर. माझ्या सर्व्हिस बुकात अशी सोय नव्हती.

१ जून १९४४ रोजी धुरंधर गेले. कन्या अंबिका धुरंधर त्याच शाळेत शिकून चित्रकार झाल्या होत्या. वडिलांचं काम त्यांनी खारच्या घरात जिवापाड सांभाळलं. पुढे तीनच वर्षांत, १९४७ साली, मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप उभा राहिला. सूझा, रझा, हुसेन, आरा ही मंडळी पुढे आली आणि हवाच बदलली. त्या हवेत धुरंधर म्हणजे जुन्या काळचे पुस्तकांत चित्रं काढणारे एक गृहस्थ, कॅलेंडरवाले, साहेबाच्या शाळेतले हेडमास्तर. पुष्कळ वर्षं असंच चाललं. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा मी दोनदा गेलो. पहिल्यांदा मोठी तैलचित्रं पाहिली. दुसऱ्यांदा फक्त लहान रेखाटनांपुढे उभा राहिलो. माझ्या शेजारी जीन्स घातलेली कॉलेजातली पोरं वाकून वाकून रेषा बघत होती. त्यांना कलकत्ता आणि मुंबईच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. बाईच्या पाठीवरून पदर कसा उतरतो ते त्यांना बघायचं होतं.

आता शेजारच्या गृहस्थांना काय सांगायचं? धुरंधरांचं उदाहरण देऊन तुमची मुलगीही मोठी होईल, असं सांगणं म्हणजे एका बड्या खातेदाराचा ताळेबंद दाखवून लहान ठेवीदाराला फसवणं आहे. धुरंधर एकच झाले. त्यांच्याबरोबर त्या बाकांवर बसलेल्या पुष्कळांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. शिवाय धुरंधरांना शाळेतच जागा मिळाली. आज चित्रकलाशिक्षकाची एक जागा निघाली तर किती अर्ज पडतात ते त्या जिन्यातल्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि अवघ्या काही सेकंदांत चित्र काढून देणारी यंत्रं आता त्यांच्या खिशातल्या फोनवर आलेली आहेत. हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांच्या बाजूनं बोलतो आहे असं त्यांना वाटलं.

मग मी मुलीला तिच्या वह्या आणायला सांगितलं. पाच निघाल्या. बसमधली माणसं, मानपाड्याच्या सिग्नलवरचे फुलवाले, तलावपाळीवर फिरणाऱ्या आज्या, गायमुखची खाडी, येऊरच्या डोंगरामागे उतरलेलं ऊन, आमच्या इमारतीचा झोपलेला वॉचमन. हात अजून कच्चा आहे. माणसांची पावलं तिला जमत नाहीत, म्हणून ती सगळ्यांना गवतात नाहीतर पिशव्यांमागे उभं करते. पण प्रत्येक पानाच्या खाली तारीख होती. मी चित्रं बाजूला ठेवून तारखाच बघत गेलो. हातानं ही जुनी सवय सोडलेली नाही. समोर वही आली की आधी नोंदींची तारीख बघतो. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत चार-पाच दिवसांचा खंड होता, तेवढाच. बाकी सलग.

गृहस्थांना मी म्हटलं, की मुलगी चित्रकार होईल का हे मला सांगता येणार नाही, आणि कुणालाच येणार नाही. कॉलेज लहान आहे याची काळजी करू नका. समोर बसवायला एक मुखवटा, शेजारी बसायला दोन मुलं आणि चूक दाखवायला एक माणूस एवढं तिथे आहे, आणि शिकायला लागतं ते तेवढंच. पोटाची सोय वेगळी बघावी लागेल, तिला ती आजच सांगून ठेवा. वर्षानं तिच्या चित्रांना बक्षीस मिळालं का हे विचारू नका. वह्या मागा आणि तारखा बघा. खंड पडलेला दिसला तर मी स्वतः तिला कॉमर्सचा फॉर्म आणून देईन.

मुलगी बाजूला उभी राहून ऐकत होती. आजोबा, तुम्ही काढता का चित्रं, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. त्यावर तिनं काही विचारलं नाही. मी मात्र उगाचच माझ्या गुडघ्यांचं आणि डोळ्यांचं सांगत बसलो.

तिनं प्रवेश घेतला. वडिलांनी अजून पुरतं मनावर घेतलेलं नाही, पण फी भरली. परवा लिफ्टमध्ये भेटली तेव्हा तिच्या बोटांना कोळसा लागलेला होता आणि ती त्या ग्रीक मुखवट्याच्या फुटक्या नाकावर चिडलेली होती; तीन दिवस झाले, छाया बसत नाही म्हणाली. खाली उतरताना तिनं वहीतलं एक कोरं पान फाडून, अर्धवट झिजलेल्या पेन्सिलीसह माझ्या हातात दिलं. ते पान माझ्या टेबलावर आहे. काल रात्री त्याच्या खालच्या कोपऱ्यात मी तारीख घातली.